दादाचे पक्षी

आगबोट मालवणच्या किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना पडावातून तिच्यापर्यंत जावं लागे. लग्नानंतर मी मुंबईला निघाले तेव्हा आई गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. पडावात चढण्याआधी मी तिला शेवटचं सांगितलं, "आये, माझे पक्षी दी मगे."

"पक्षी हयच रवांदेत," आई म्हणाली. "दादा इलो नि इचारल्यान तर काय सांगू?"

मला इतका राग आला की रडायचंच राहून गेलं. सासरची मंडळी आपसांत म्हणाली, पोरगी धीराची आहे हो!

हे पक्षी म्हणजे नाणी. थोरला भाऊ बोटीवर खलाशी म्हणून गेला तेव्हा मी लहान होते. माका काय हाडतलंस, म्हणून त्याच्या पाठी लागले होते. "दर बंदरातलो एक पक्षी," तो म्हणाला. जिवंत पक्षी बोटीवरून आणता येत नाहीत हे त्याला लवकरच कळलं असणार. पहिल्या सुट्टीत त्याने इंग्लंडचं फार्दिंग आणलं, त्यावर शेपटी उंच केलेलं चिमुकलं पाखरू. मग दक्षिण आफ्रिकेच्या दोन चिमण्या आल्या, न्यूझीलंडचा किवी आला. "ह्येका पंख खंय आसत? फसवल्यानी तुका," आई म्हणाली. आयर्लंडच्या पेनीवर पिल्लं घेतलेली कोंबडी होती, ती मात्र तिला फार आवडली. पैशावर कोंबडी घालणारे लोक शहाणे असणार, असं तिचं मत पडलं.

पुढे दादा लंडनच्या गोदीत कामाला लागला आणि तिथलाच झाला. पुढच्या वर्षी येतो, असं दर वर्षी लिहायचा. पक्षी यायचे थांबले.

गिरगावातल्या दोन खोल्यांत माझा संसार सुरू झाला. एकदा फोर्टमधल्या फूटपाथवर जुनी नाणी विकायला बसलेला माणूस दिसला आणि माझी जुनी खोड परत आली. मेक्सिकोचा साप धरलेला गरुड मी तिथेच घेतला. यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ नाण्यांचे मोठे शौकीन. त्यांनी मला कंडिशन म्हणजे काय ते शिकवलं. नाणं कधी घासू नये, वहिनी. अंगावर चढलेला काळेपणा हीच त्याची अब्रू.

मला गावचा नाण्यांचा डबा आठवला. आई दर चतुर्थीला देवाच्या तांब्या-पितळेबरोबर माझी नाणीही कोकमाची सोलं आणि राख लावून घासायची! त्या वर्षी गावी गेल्या गेल्या मी डबा उघडला. चिमण्या पार सपाट झाल्या होत्या. कोंबडी लख्ख चमकत होती, पण तिचे डोळे-पिसं काही उरलं नव्हतं. मी आईवर खूप ओरडले.

"मगे काय करू?" आई म्हणाली. "माझो झील इतक्या वर्सांनी येतलो, तेका काळे पडलेले पक्षी दाखवू?"

कपाळ माझं!

आणि दादा आला एकदाचा. अंगात जाड कोट, मालवणी बोलताना मधेच अडखळणारा. मीही मुंबईहून गेले होते. आईने जेवणाआधीच डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने एकेक नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि हसत सुटला. "आये, पक्षी उडान गेले गो सगळे!" मग हसता हसता त्याचा चेहरा उतरला. ती किती वर्षं घासत होती, ते त्याला तेव्हा कळलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याने आईपाशी विषय काढला. तिकडे घर आहे, हीटर आहे, तू माझ्याबरोबर चल.

आई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"मी थंय इलंय," ती म्हणाली, "तर तू येतलंस खंय?"

दादाने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. गाव सोडलेल्या आपल्यासारख्यांना वाटतं, आपण गेलो आणि मागची माणसं नुसती राहिली. राहणं हेसुद्धा एक काम असतं, ते आई मुकाट्याने करत होती.

ती गेल्यावर घराला कुलूप लागलं. चावी शेजारच्या काकींकडे आहे. दादा आता येणारच नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. गेल्या महिन्यात त्याचं पत्र आलं: "मे महिन्यात घरी येतो." पुढे विचारलं होतं, तू लिहायचीस तसं गिरगावात अजून पाणी पहाटेच येतं का?

'घरी' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला आणि पदर डोळ्यांना लावला.

यांना पुण्याला बढतीवर बदली मिळतेय. मोठा ब्लॉक, चोवीस तास पाणी. मी नको म्हटलं. हे चिडले, या खुराड्यात काय ठेवलंय म्हणाले. मला नीट सांगता आलं नाही. पण मी इथून हलणार नाही. दादाला आता घर म्हणून एवढा एकच पत्ता माहीत आहे.