शेवटच्या मशीनची टोपी

एकाही मशीनला दुसरं मशीन दिसत नव्हतं. नारायण पेठेतल्या आमच्या क्लासची सगळी लॅब ठप्प, आणि दारात कंपनीचे साहेब बूट काढत उभे.

साहेब आमच्या नेटवर्किंगच्या बॅचमधून सपोर्टसाठी एकाला निवडायला आले होते. पुण्यात नव्या कंपन्या येऊ लागल्या होत्या, तो काळ. विनायक, माझा नवरा, प्रॅक्टिकल शिकवायचा. मी थिअरी.

"काय हो सर, नेटवर्किंग शिकवता आणि नेटवर्कच नाही?" साहेबांनी विचारलं.

"दसऱ्याची सुट्टी संपली हे त्याला कुणी सांगितलेलं नाही," विनायक म्हणाला. "थांबा, बघतो."

"तुम्ही नका बघू. मुलांना बघू द्या. हीच परीक्षा."

मुलं धावली. एकाने ड्रायव्हर पुन्हा टाकायला घेतला, दुसऱ्याने सरळ मशीन उघडून कार्ड बाहेर काढलं. सुनंदा मात्र उभीच राहिली. ती लोणी काळभोरहून एसटीने यायची. आदल्याच आठवड्यात मला म्हणाली होती, "मॅडम, दादा म्हणतोय, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर बघू, न्हाईतर पाव्हणे बोलावणार हाय." त्यामुळे तिची भीती मला मागच्या बाकावरूनही दिसत होती.

तेव्हाचं नेटवर्क कसं असायचं, ते सांगायला हवं. पहिल्या मशीनपासून शेवटच्या मशीनपर्यंत एकच काळी केबल, टीव्हीला असते तशी. दोन्ही टोकांना धातूची छोटी टोपी, तिला टर्मिनेटर म्हणत. टोपी नसली तर सिग्नल टोकावर आपटून मागे फिरतो आणि सगळ्यांचंच बोलणं बंद पडतं. म्हणजे बिघाड एका जागी, पण दिसतो सगळीकडे. अशा वेळी कुठल्या एका मशीनवर राग काढून उपयोग नसतो.

सुनंदाने कपाटातून जादा टर्मिनेटर आणला. केबल मधोमध सोडली, दाराकडच्या भागाला तो लावला आणि ping केलं. ping म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला मारलेली हाक. ओ आली. म्हणजे दाराकडचा भाग ठीक, बिघाड खिडकीकडे. मग ती खिडकीच्या बाजूला सरकत, एकेक जोड चाचपत शेवटच्या टेबलामागे वाकली. तिथे केबलचं टोक उघडं होतं. टोपीच नव्हती.

तिने मधे लावलेला टर्मिनेटर काढून तिथे बसवला, मधला जोड पुन्हा जुळवला. सगळी मशीनं एकमेकांना दिसू लागली. पण सुनंदा काही वर येईना. टेबलामागे तशीच बसून राहिली.

"पडली असेल कुठेतरी," साहेब म्हणाले. "होतं असं."

ती टोपी पीळ देऊन बसवतात. आपोआप पडत नाही. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, साहेबांनाही. तिने नुसती मान डोलावली असती, तर तिथेच सगळं संपलं असतं.

"नाही सर," ती उठून म्हणाली. "मीच काढली. खंडेनवमीला पूजेच्या आधी ही रांग मी पुसत होते. फडकं मागे जाईना, म्हणून काढून टेबलावर ठेवली. नंतर हळदीकुंकू, फुलं... राहूनच गेलं."

टोपी जिन्याखालच्या निर्माल्याच्या पिशवीत सापडली, झेंडूच्या पाकळ्यांत. तिलाही हळद लागलेली.

साहेबांनी विनायककडे पाहिलं. "नेटवर्क बंद पाडणारी मुलगी मी सपोर्टला घेऊ?"

"बंद सगळेच पाडतात, अहो," विनायक म्हणाला. "आमच्या बॅचमध्ये मी धरून. आपण पाडलं असं सांगणारी मला अजून एकच भेटली आहे. दुसरी तुमच्याकडे असेल, तर हिला नका घेऊ."

साहेब चहा प्यायले. जाताना बूट घालता घालता तिला म्हणाले, "सोमवारी या. आणि तिथे पूजा आम्ही करू."

विनायक या उन्हाळ्यात गेला. तो असं काही बोलायचा, तेव्हा ते लिहून ठेवावं असं मला कधी वाटलं नाही. घरातलाच माणूस, उद्याही बोलणार होता.

सुनंदा भेटायला आली. आता ती एका मोठ्या कंपनीत सपोर्टची हेड आहे. सांत्वनाचं काही बोलली नाही, ते बरं झालं. म्हणाली, "मॅडम, मी माणसं निवडताना मार्क नंतर बघते. आधी विचारते, तुमच्या हातून आजवर काय बंद पडलंय? काहीच नाही म्हणाले, की चहा पाजते आणि परत पाठवते."

मला हे जरा कडकच वाटलं. पण तिच्याकडचं नेटवर्क बंद पडलं, तर ते का पडलं हे लवकर कळतं, असं ऐकते.