आतून उघडणारं झाकण

लेक नेमकं काय काम करते, हे सांगायला सरलाबाई खोब्रागडेंना फार आवडायचं. रायपूरच्या गुढियारीत रेल्वेलाइनीच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा, दयाराम, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होता; तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या की सरलाबाई सुरू करायच्या.

"गाडीचं इंजन जिथं राहते ना, तिथं आता काहीच राहत नाही. बिजलीवरची गाडी. मंग त्या रिकाम्या जागेचं काय करायचं, ते माही नीलिमा ठरवते."

"मंग काय ठरवलं तिनं?" शेजारची शांताबाई विचारायची. तिला उत्तर पाठ होतं, तरी विचारायची.

"डिक्की. पुढची डिक्की. सामान पुढं, माणसं मधात."

नीलिमा आत स्वयंपाकघरात असली तर कानकोंडी व्हायची. छत्तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, उंचीनं इतकी कमी की बसमध्ये वरचा दांडा तिच्या हाताला लागत नसे. नागपूरला प्लॅस्टिकचं शिक्षण झालं, काही वर्षं तिकडंच नोकरी झाली, आणि मग आईसाठी ती रायपूरला परतली. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत विजेवरची गाडी बनवणारी एक नवी कंपनी उभी राहत होती. तिथं तिच्या वाट्याला आली ती ही पुढची पोकळी. बाकीच्यांना बॅटरी हवी होती, दिवे हवे होते, पडद्यावर दिसणारं काहीतरी हवं होतं. सामानाच्या खोक्यात कुणाला रस नव्हता.

तिला होता. पावसाचं पाणी काचेवरून उतरतं ते झाकणाच्या कडेनं कुठं जाईल, टक्कर झाली तर हे खोकं चुरगळून आधी स्वतः मरेल आणि आतल्या माणसांना वाचवेल असं कसं करायचं, भाजीची पिशवी आडवी झाली तर धुवायला खालचं बूच कुठं ठेवायचं, हे ती जेवतानासुद्धा बोलत बसे. पहिल्यांदा प्लायवुडचा नमुना झाला तेव्हा ती स्वतः पाय दुमडून त्यात बसली होती. सगळ्यांत बुटकी तीच, म्हणून. झाकण लावून घेतलं आणि अंधारात तिला एकदम कळलं की लपाछपी खेळणारं पोर इथं शिरलं तर संपलंच. दुसऱ्या दिवसापासून तिनं एकच हट्ट धरला. हे झाकण आतून उघडलं पाहिजे. अंधारात चमकणारी हिरवी मूठ, ओढली की केबल ताणली जाईल आणि कुलूप सुटेल.

डिझाइन विभागाचा प्रमुख अच्युत पुण्याहून आलेला. कधी आवाज चढवायचा नाही, कधी शिवी नाही. सगळ्यांशी गोड. नीलिमाला तो सगळ्यांदेखत "आमच्या डबेवाल्या बाई" म्हणायचा, आणि सगळे हसले की तोही हसायचा. एकदा तिनं केबलचं रेखाचित्र पुढं ठेवलं तेव्हा तो म्हणाला होता, "छान आहे. तुमच्या लोकांच्या हातात कला असते. डोक्याचं आम्ही बघू." तुमच्या लोकांच्या म्हणजे कुणाच्या, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, प्लॅस्टिकवाल्यांच्या.

गाडी लोकांसमोर आणायची ठरली ती मे महिन्यात. कारखान्याच्या पटांगणात मांडव, कूलर, गालिचा. प्रत्येकाला घरचं एक माणूस आणायची मुभा होती. सरलाबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आल्या, मागच्या रांगेत बसल्या, आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगू लागल्या की इंजन जिथं राहते ना, तिथं आता काहीच राहत नाही.

त्या दिवशी सकाळीच नीलिमानं अच्युतला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नवं कुलूप ऐन वेळी आलं होतं आणि त्याला केबल अडकवायचा आकडाच नव्हता. हिरवी मूठ बसवली होती, पण तिच्यामागं काही नव्हतं. "सर, आतून उघडून दाखवायचं आज नको."

"कोण दाखवतंय," अच्युत म्हणाला होता.

दुपारी मुख्य पाहुण्यांनी, एका मोठ्या उद्योगपतींनी, पुढच्या डिक्कीत डोकावून विचारलं, "और कोई बच्चा अंदर बंद हो गया तो?"

प्रश्न चांगला होता. अच्युतचा चेहरा उजळला. त्यानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "सर, इसका जवाब हमारी डिज़ाइनर खुद देंगी. नीलिमा, आओ."

ती गेली. जवळ जाऊन ओठ न हलवता म्हणाली, "सर, केबल नाहीये."

तो हसतच होता. तसाच हसत, माइकवर हात ठेवून म्हणाला, "आत बसा. मी किल्लीचं बटण दाबतो. कुणाला कळणार नाही."

इतक्या माणसांसमोर नाही म्हणायला एक क्षण असतो, आणि तो गेला की गेला. नीलिमानं चपला काढल्या. ओढणी कमरेला खोचली. बंपरवर पाय देऊन ती त्या करड्या अस्तराच्या खोक्यात उतरली, गुडघे छातीशी घेतले, मान वाकवली. लोकांनी मोबाइल वर धरले. कुणीतरी म्हणालं, "दीदी तो सूटकेस में भी आ जाएगी." झाकण खाली आलं.

आतमध्ये उकळत होतं. गाडी सकाळपासून उन्हात होती. हिरवी मूठ नाकासमोर चमकत होती, आणि तिला माहीत होतं की ती खोटी आहे. तिनं वाट पाहिली. बाहेर अच्युत बोलत होता, शब्द कळत नव्हते, फक्त गुणगुण. मग लोक हसले. नंतर व्हिडिओत तिनं ऐकलं की तो म्हणाला होता, "लगता है मैडम को अंदर इतना आराम है कि बाहर आना ही नहीं चाहतीं." मग टाळ्या. मग गाणं लागलं. मग आवाज दूर गेले.

तिला वाटलं, आता दाबेल. तिनं मूठ ओढली, काय होणार ते माहीत असून ओढली, आणि ती हातात आली. तिनं झाकणावर बुक्के मारले. पाणी, धूळ, आवाज काहीच आत येऊ नये असं रबर तिनंच निवडलं होतं. हवा नाकाशी येऊन थांबल्यासारखी झाली. घाम डोळ्यांत गेला. पाय सरळ करता येईना. किती वेळ गेला हे तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. आपण लघवी केली आहे, हे तिला पाठीखालचं अस्तर ओलं लागल्यावर कळलं.

बाहेर घडलं होतं ते इतकंच: पाहुण्यांनी अच्युतच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि दोघं बोलत बोलत शेजारच्या मांडवात सरबत घ्यायला गेले होते. किल्ली अच्युतच्या खिशात. त्यानं मुद्दाम केलं असतं तर निदान तिची आठवण तरी ठेवली असती. तो विसरला.

सरलाबाई मात्र खुर्चीवरून उठल्या होत्या. गाडीजवळ जाऊन त्यांनी झाकणाला कान लावला. मग तळहातानं थापटलं. मग पहारेकऱ्याला म्हणाल्या, "भैया, माही पोरगी आत हाय. खोलून दे."

"अम्मा, चाबी साहब के पास है. साहब नाश्ता कर रहे हैं."

त्या धावल्या. सत्तरीच्या बाईला जसं धावता येतं तसं. सरबताच्या मांडवात शिरून त्यांनी अच्युतच्या कोटाची बाही धरली. हिसका बसला, त्याच्या हातातला पेला पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. "चाबी दो," सरलाबाई ओरडत होत्या. "मार डाला मेरी बच्ची को. चाबी दो." त्यांचा पदर पडला होता, केस सुटले होते. कुणीतरी हे सगळं टिपत होतं.

अच्युतनं किल्ली दिली. झाकण उघडलं. नीलिमाला दोघांनी धरून बाहेर काढलं. तिच्या पिवळ्या सलवारीवरचा डाग सगळ्यांना दिसला, तेव्हा आईनं आपल्या साडीचा पदर काढून तिच्याभोवती गुंडाळला आणि स्वतः तशीच, अर्धी उघडी, तिला धरून फाटकापर्यंत चालत गेली.

दोन्ही व्हिडिओ, लेकीचा आणि आईचा, शहरभर फिरले. सदर बाजारातल्या दुकानदारांपासून नागपूरच्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी पाहिले. सरलाबाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. "पायतील तं पायतील," त्या म्हणाल्या. "तू जिती आहे. त्याच्यावर रिपोट कर."

नीलिमा तापानं फणफणली होती. ताप उतरल्यावर अच्युतचा फोन आला. आवाज तसाच गोड. "झालं ते वाईट झालं. आता एक छोटासा व्हिडिओ करू. तुम्ही म्हणायचं, सगळं ठरवून होतं, गैरसमज झाला. नसेल जमत तर राहू दे. विश्रांती घ्या. डिक्कीचं काम पराग पूर्ण करेल." पराग तिच्या हाताखालचा, केबलचं काम नको तेवढं किचकट आहे, असं त्याचं आधीपासूनचं मत होतं.

नीलिमा रात्रभर जागली नाही, रडलीही नाही. तिनं सरळ विचार केला. आपण गेलो तर मूठच निघून जाईल. तिला हे कारण पटलं. चांगलं कारण सापडलं की माणसाला फार हलकं वाटतं.

व्हिडिओ कंपनीच्याच खोलीत झाला. मागं रोपटं, तोंडावर पावडर. विचारायला प्रसिद्धी विभागातली एक तरुण मुलगी होती. नीलिमानं पाठ केलेलं सगळं म्हटलं: ठरलेलंच प्रात्यक्षिक होतं, ती पूर्ण सुरक्षित होती. मग त्या मुलीनं, कागदावर नसलेलं, सहज विचारलं, "पर मैम, आपकी मम्मी तो बहुत घबरा गई थीं?"

उत्तर तिला कुणी पढवलं नव्हतं. कॅमेऱ्यामागं उभा असलेला अच्युतसुद्धा थोडा दचकला. नीलिमा हसली, आणि हसतच म्हणाली, "मम्मी की उमर हो गई है. उन्हें आजकल भूलने की बीमारी है. कभी-कभी कुछ भी समझ लेती हैं."

"ग्रेट," अच्युत म्हणाला. "हे राहू दे."

तो व्हिडिओ शांताबाईच्या नातवाच्या फोनवर आला. शांताबाईनं तो ओट्यावर आणून सरलाबाईंना दाखवला. सरलाबाईंनी तो पूर्ण पाहिला. फोन परत दिला. मग त्याच म्हणाल्या, "हव. होते मले तसं. डोक्शात राहतच नाही काही."

नीलिमा संध्याकाळी घरी आली तेव्हा जेवण वाढलेलं होतं. तिनं खूप वेळ भाताशी चाळा केला. "आई, ते मले म्हणावं लागलं."

"मी काही म्हटलं का?"

"तू बोलत काहून नाही मंग?"

"भाजी घे," आई म्हणाली.

गाडी बाजारात आली. पुढच्या डिक्कीचं कौतुक झालं. नीलिमा अंतर्गत भागाची प्रमुख झाली, तिच्या दारावर पाटी लागली. हिरवी मूठ मात्र गाडीत आली नाही. शेवटच्या बैठकीत अच्युत म्हणाला की ती मूठ दिसली की लोकांना तो व्हिडिओ आठवेल. तिच्याऐवजी किल्लीचं बटण लांबूनही चालेल असं करू. आणि रेखाचित्रातून ती मूठ कुणी काढायची, तर ज्याचं रेखाचित्र त्यानं. नीलिमानं काढली. पराग शेजारी उभा होता. तो म्हणाला, आता कसं सुटसुटीत दिसतंय.

घरात सरलाबाई आजारी नव्हत्या. दूध उतू जात नव्हतं, चष्मा हरवत नव्हता, नीलिमाच्या बालपणीच्या गोष्टी त्यांना तिच्यापेक्षा नीट आठवत होत्या. पण दाराबाहेर पाऊल पडलं की त्या बदलत. भाजीवाल्याला दोनदा तेच विचारत. शांताबाईला एकदा दुसऱ्याच नावानं हाक मारली. ओट्यावर लेकीच्या कामाची गोष्ट निघाली की म्हणत, "काय तं करते बाई, मले नाही सांगता येत." बायकांनी हळूहळू त्यांना काही विचारायचं सोडलं. गल्लीच्या तोंडाशी एकट्या दिसल्या तर कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडी, आणि त्या मुकाट्यानं येत.

एकदा नीलिमाचा धीर सुटला. "बंद कर ना हे नाटक. कोणी विचारून नाही राहिलं आता. लोक विसरले."

सरलाबाई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तू साऱ्या जगाले सांगतलं. आता मी चांगली दिसली तं तू खोटी पडशीन. नोकरी आहे तुही."

"मले काही होत नाही खोटं पडून."

"मंग तवाच काहून नाही पडली?"



वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना सरलाबाई म्हणून घेत असत. कित्येक वर्षं तो मान त्यांचाच होता. बायकांनी तो काढून घेतला नव्हता, त्यांना तेवढं मन होतं. एका रविवारी नीलिमाही सोबत गेली. मेणबत्त्या लागल्या, सगळ्या हात जोडून बसल्या, सरलाबाईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. त्रिशरण झालं. पंचशीलातलं पहिलं झालं, दुसरं, तिसरं. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी त्या थांबल्या.

बायका थांबल्या. शांताबाईनं हळूच पहिला शब्द सुचवला. सरलाबाईंनी मान हलवली, आठवत नाही अशी, आणि हात जोडलेलेच ठेवून खाली पाहत बसल्या. मग शांताबाईनंच पुढं म्हणायला घेतलं. विहारभर कुजबुज गेली, आणि पुढच्या रांगेतली एक तरुण बाई मागं वळून नीलिमाकडे करुणेनं पाहत म्हणाली, "दीदी, डॉक्टर को दिखाया क्या?"

"दाखवते आहे," नीलिमा म्हणाली.