मुकुटाबाहेरचा तांबडा

खाडीकाठच्या खारेपाटातलं आमचं शेत मी पाहिलं ते पाण्याखालीच. खाडीचा बांध फुटला, उधाणाचं पाणी आत आलं, आणि भाताच्या जागी पांढरा खारट थर उरला. बांध पुन्हा धड बांधला गेलाच नाही. बाबा आईला आणि मला घेऊन पेणला आले, एक खोली भाड्यानं घेतली आणि कारखान्यात कामाला लागले. पेणात कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच. जिला धुराडं आणि भोंगा असतो तिला आमच्याकडे कंपनी म्हणतात.

बाबा मूर्ती रंगवायचे. आई घरी आणलेल्या कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरनं घासायची. हंगामात खोलीभर मूर्ती असायच्या, आणि झोपेत कूस बदलायची तर आधी हात लांबवून सोंड कुठे आहे ते चाचपायचं अशी आम्हाला सवयच लागली होती. पांढरी पूड भातात जायची, केसांत जायची, माझ्या वह्यांत जायची. शाळेत मी उठले की बाकावर माझ्या बसण्याचा ठसा राहायचा. मुली त्याला 'गणपतीची जागा' म्हणायच्या आणि तिथे बसायच्या नाहीत.

त्याच काळात टीव्हीवर रविवारी सकाळी ती पौराणिक मालिका लागायची. आमच्या आळीत तिला कोणी नावानं म्हणायचं नाही, 'रविवारची' म्हणायचे. टीव्ही होता कारखान्याच्या मालकांकडे. कामगारांना पोराबाळांसकट बघायला मुभा होती. एका रविवारी आम्ही गेलो तर मालकीणबाईंनी सतरंजी गुंडाळून ठेवलेली, आणि तिच्या जागी प्लास्टरची रिकामी पोती पसरलेली. "धुवायला त्रास होतो हो," त्या म्हणाल्या. तशा त्या वाईट नव्हत्या, नंतर चहाही दिला. सगळे पोत्यांवर बसले. मीही बसले. बाबा दारातच उभे राहिले, मग "काम हाय" म्हणून निघून गेले. त्या रविवारनंतर ते कधी गेले नाहीत. मालिका संपली, दुसऱ्यांदा लागली, तीही संपली. बाबांनी तिचा एकही भाग पाहिला नाही. मी मात्र दर रविवारी जात होते. पोत्याचे वळ मांड्यांवर घेऊन घरी यायचे आणि आईला गोष्ट सांगायचे. बाबा समोरच जेवत असायचे. त्यांनी कधी मान वर केली नाही.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या दोन्ही बाजूंच्या घराण्यात मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी आजही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये लागले आणि रोह्याला लागूनच असलेल्या वरशात एका बाईंकडे खोली घेऊन राहिले. त्या घरमालकीणबाईंचा मुलगा टेम्पो चालवायचा आणि गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष होता. शिमगा झाला तसं त्याच्या ओटीवर मूर्तीचं बोलणं सुरू झालं. यंदा बाप्पा रविवारच्या मालिकेतल्या राजासारखा पाहिजे: तसाच दरबार, तसंच सिंहासन, तसाच मुकुट.

"असं कोण करून देईल पण?" तो म्हणाला.

"माझे बाबा देतील," मी म्हटलं. "हुबेहूब."

"तुमचे बाबा कारखानदार आहेत? बोलला नाहीत कधी मॅडम."

मी म्हटलं, "होतील आता." असं मी तेव्हा बोलायचे.

बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. आजवर त्यांनी रंगवलेल्या सगळ्या मूर्ती मालकांच्या नावानं गेल्या होत्या. "करू की," ते म्हणाले. त्यांनी मालकांना जाऊन सांगितलं की या हंगामाला मी येत नाय. मालक रागावले नाहीत. "बघू, किती दिवस," एवढंच म्हणाले. खोलीमागं बांबू ठोकून, निळं प्लास्टिक ताणून मांडव झाला. हे काम मंडळानं नाकारलं तर बाबांना पुन्हा त्याच दारात जावं लागणार होतं. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

एका सकाळी नळावर कळशी भरताना बाबा हळूच म्हणाले, "मी ती बघितलेली नाय गो."

"मी दाखवते," मी म्हटलं. "कॅसेट आणते."

रोह्यात बाजारपेठेच्या टोकाला व्हिडिओ लायब्ररी होती. बाहेर कायम कॅरम चालू असायचा. मी आत शिरले तसा खेळ थांबला.

"बोला ताई. नवीन पिक्चर आलाय, फॅमिलीसाठी चांगला आहे."

"मला रविवारची पाहिजे."

"आजी आल्यात का गावाहून?"

"कामासाठी पाहिजे."

"रविवारची? कामासाठी?" त्यानं कॅरमवाल्यांकडे पाहिलं. मग मात्र नीट सांगू लागला. "तिचे तीन प्रकार आहेत. एक कंपनीची, एक दुबईची, एक आपली."

"आपली म्हणजे?"

"मी टीव्हीवरून भरलेली. साबणाच्या जाहिराती तशाच आहेत. जिथं लाइट गेली तिथं देव अर्ध्यावरच राहिलाय."

"आणि दुबईची?"

"चित्र एक नंबर. पण खालून पट्टी धावते, तिकडच्या सोनारांची. सिंहासन बघायचं म्हणाल तर पायऱ्या काय दिसायच्या नाहीत."

कंपनीच्या संचाला कडक प्लास्टिकचा डबा होता, वर चकचकीत कव्हर, सगळा मजकूर इंग्रजीत, कोपऱ्यात सोनेरी शिक्का. मी तो मजकूर उभ्या उभ्या वाचून काढला, जरा मोठ्यानंच. कॅरमवाल्यांना कळू दे, म्हटलं, की ही वाचू शकते. "ओरिजनल आहे ना?" मी विचारलं. "वाचलंत ना तुम्हीच," तो म्हणाला. राजाच्या दरबाराचा भाग असलेली कॅसेट मी घेतली.

पेणला व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं आणला. हातगाडीवरून टीव्ही आमच्या दारात उतरला तसं आळीतलं सगळं बायामंडळ खोलीत आलं. कोणी पडद्याला हळदकुंकू लावलं. बाबा पुढ्यात तपकिरी कागद पसरून, पेन्सिल कानावर ठेवून बसले. दरबार आला.

"थांबव गो," बाबा म्हणाले.

मी बटण दाबलं. राजा थांबला आणि थरथरायला लागला. चित्राच्या मधोमध एक पांढरी मुंग्यांची पट्टी वळवळत होती.

"अगो, देवाला कशाला थांबवतेस?" शेजारच्या काकू ओरडल्या. "पुढं जाऊ दे की! हिला कॉलेजात हेच शिकवलं काय?"

"थोडं पुढं घे. थांबव. आता मागं." बाबा कागदावर मुकुट उतरवत होते. मग त्यांनी पडद्याजवळ जाऊन एकेक खडा न्याहाळला. "हा तांबडा बाहेर आलाय बघ. खड्याच्या उजव्या अंगाला. शेल्याचा पण आलाय, खांद्यावर. तो तसाच हाय का गो?"

तो आला होता खरा. सोनेरी कोंदण ओलांडून लाल रंग एका बाजूला धुरासारखा पसरला होता. मला वाटलं झळाळी असेल, दरबारातले दिवे असतील. खरं सांगायचं तर मी फार विचारच केला नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो सोनेरी शिक्का होता.

"ओरिजनल आहे बाबा," मी म्हटलं. "जसं दिसतंय तसं करा."

त्यांनी तसंच केलं.

श्रावणात मंडळाची पोरं टेम्पोतून मूर्ती बघायला आली. बाबांनी सकाळीच आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला होता. आईनं चहाचं आधण ठेवलं होतं. मांडवात शिरल्यावर पोरं आधी बघतच राहिली. मूर्ती होतीच तशी. सिंहासनावर बाप्पा ऐसपैस बसलेला, एक हात मांडीवर, एक आशीर्वादाचा, आणि डोळे असे की आपण हलू तिकडे बघतात. मग अध्यक्ष जवळ गेला. त्यानं मान तिरकी केली.

"बाबा, बाप्पाच्या डोक्याला लागलंय काय? खड्यांतून रक्त गळतंय."

एक जण फस्सकन हसला, मग सगळेच हसले.

"नाय, शेला धुतला वाटतं. रंग गेलाय खांद्यावर," दुसरा म्हणाला.

"टीव्हीत तसंच होतं," बाबा म्हणाले. आणि ते खरंच तसंच होतं. प्रत्येक खड्याच्या उजवीकडे, अगदी तेवढाच, फिकट होत जाणारा तांबडा त्यांनी इतक्या सफाईनं उतरवला होता की तो पुसट धूर ब्रशनं काढलाय हे सांगूनही पटलं नसतं.

"कॅसेट मी आणली होती," मी म्हटलं. "दोष कॅसेटचा आहे."

"आता कॅसेटवर नका ढकलू मॅडम. तुम्ही हुबेहूब म्हणाला होता."

"हुबेहूबच हाय," बाबा म्हणाले, आणि पोरं आणखी हसली.

अध्यक्षानं चहा घेतला. माणूस तसा सरळ होता, बाहेर येऊन मला हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या त्या मालकांकडं तयार मूर्ती आहेत म्हणे. आम्हाला थांबता येणार नाही. लवकर काय ते बघा, नाहीतर आम्ही तिकडं जातो."

टेम्पो गेल्यावर बाबा मांडवात बसून राहिले. आई कप विसळत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कंपनीत माझं काम काय होतं? आलेल्या ड्रममधून नमुना काढायचा आणि तपासायचा. ड्रमवरच्या लेबलावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दुसऱ्याच्या मालासाठी मी ते रोज पाळत होते. घरच्या कामाला मात्र मी लेबल वाचून कॅसेट आणली होती, आणि वर मोठ्यानं वाचून.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले. डबा काउंटरवर ठेवला. "ही ओरिजनल नाही."

"डबा ओरिजनल आहे," तो शांतपणे म्हणाला. "आतली कॉपी. असली कॅसेट भाड्यानं फिरवली तर घासून जाईल की. सगळे असंच करतात ताई. कॉपीची कॉपी काढली की लाल रंग पसरतो, त्याला मी काय करू?"

मी म्हटलं, "असली आहे कुठं?"

"घरी. कपाटात. बाहेर देत नाही."

"बाहेर नको. इथंच लावा. तिन्ही लावा, एकच प्रसंग."

का कोण जाणे, त्यानं घरून ती आणवली आणि तिन्ही लावल्या. मीही या वेळी नमुना तपासतात तशी तपासणी केली. तोच दरबार, तोच राजा, तीच मान वळवण्याची वेळ. 'आपली' टीव्हीवरून भरलेली, तिच्यात मुकुटाला हिरवट सावली होती. दुबईची लखलखीत, पण सगळं निळसर, आणि सिंहासनाच्या पायथ्याशी बांगड्यांचे भाव धावत होते. कपाटातली असली कॅसेट त्या दोघींपुढे जरा मळकी वाटली, कुठं कुठं चरेही होते. पण रंग आपापल्या जागी होते. खडे डाळिंबी होते, तांबडेसुद्धा नव्हते, आणि कोंदणाबाहेर काही नव्हतं. लायब्ररीतलं यंत्रही चांगलं होतं, थांबवलं की चित्र थांबायचं.

बाबा पेणहून गाडीनं रोह्याला आले. मला नोकरी लागल्यापासून ते पहिल्यांदाच येत होते. याआधी मी कधी बोलावलंच नव्हतं. नागोठण्याच्या पुढं गाडी रिकामी झाली, मग बसायला जागा मिळाली, एवढंच ते बोलले. लायब्ररीवाल्यानं स्टूल दिलं. ते बसले नाहीत. पडद्याला नाक लावून उभे राहिले, बोटानं काच मोजू लागले.

"काका, टीव्हीत शिरताय काय?" कॅरमवर बसलेला एक जण म्हणाला.

"शिरता आलं असतं तर बरं झालं असतं रे," बाबा मागं न वळता म्हणाले.

कॅरमवरची पोरं हसली, पण मांडवातल्या पोरांसारखी नव्हे. मुकुट झाला, शेला झाला, सिंहासनाच्या पायऱ्या झाल्या. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मी निघायला उठले तर ते लायब्ररीवाल्याला म्हणाले, "एक सांगू? मी ही कधी बघितलेलीच नाय. थोडी पुढं चालव ना."

सगळ्या पोरांनी वळून पाहिलं. ज्याच्या घरी टीव्ही नव्हता त्यानंही ती मालिका कुठं ना कुठं पाहिलेली. रायगडात असा माणूस असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. "खरंच नाही बघितली?" लायब्ररीवाल्यानं विचारलं. "राह्यली," बाबा म्हणाले.

त्यानं कॅसेट मागं घेतली आणि भाग पहिल्यापासून लावला. बाबा उभ्यानंच बघत होते. मला तिथं उभं राहवेना. मी दाराशी येऊन रस्त्याकडे तोंड केलं. आत राजा बोलत होता, प्रत्येक वाक्य मला पाठ होतं, आणि बाबा मधेच "अरे अरे" म्हणत होते, लहान मुलासारखे. इतकी वर्षं मी हीच गोष्ट ताटावर बसून आईला रंगवून सांगितली होती. ते समोरच जेवत होते, आणि "तुम्ही का येत नाही बाबा?" एवढं मी कधी विचारलं नव्हतं. मग कॅरमवाल्यांपैकी एक जण त्यांना मागची गोष्ट समजावू लागला, कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणावर का रुसलाय. ते ऐकत मी रस्त्यावरच्या सायकली बघत राहिले.

पेणला जाऊन बाबांनी मुकुट आणि खांदा घासून काढला. पुन्हा पांढरा मारला, सोनेरी चढवला, डाळिंबी भरला. आई वारा घालत बसली, कारण हवा ओली होती आणि रंग वाळत नव्हता. मंडळाची पोरं आली. अध्यक्षानं मूर्तीभोवती एक फेरी मारली, मान तिरकी केली, सरळ केली.

"टेम्पो मागनं लावू का पुढनं?" त्यानं बाबांना विचारलं.

ती मूर्ती त्या वर्षी वरशात बसली. पुढल्या वर्षी रोह्यातून आणि जवळच्या निडी गावाहून कामं आली. बाबा परत कोणाच्या कारखान्यात गेले नाहीत. पेणला आमचा स्वतःचा कारखाना झाला, आणि त्याच्या पाटीवर बाबांचं नाव आहे.