अण्णांच्या तळव्याखालची शेंगी

आज सकाळी आम्ही शेंगीला ठरवून मरण दिले.

शेंगी म्हणजे आमची गिनीपिग. भाजलेल्या शेंगेच्या रंगाची, म्हणून शेंगी. पुण्याला शिकायला जाताना मावसभाऊ "पंधरा दिवस सांभाळ" म्हणून पिंजरा ठेवून गेला होता. त्याला सहा वर्षे झाली.

गेल्या महिन्यात तिच्या लघवीत रक्त दिसले. एक्स-रेमध्ये मूत्राशयात खडा निघाला.

"मला ताप आला की काढा, आन् हिला एक्स-रे!" आई म्हणाली. रिक्षात टोपली मात्र तिनेच मांडीवर धरली होती.

डॉक्टर बहुतेक म्हशी-शेळ्याच पाहणारे. त्यांनी काही लपवले नाही.

"ताई, ऑपरेशन करता येईल. पण या वयात ती भूल सोसेल, अशी खात्री मी देणार नाही. नाहीतर दुखणं कमी करायचं औषध देतो. जितके दिवस चांगले जातील तितके. ठरवून सांगा."

मी ठरवायला बसले, म्हणजे फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारली. दोन्ही बाजूंना आठ-आठ मुद्दे. लाल पेनाने अधोरेखित.

खाली 'निष्कर्ष' लिहिले. पुढे काहीच सुचेना.

परीक्षेत मी असा प्रश्न कधी कोरा सोडलेला नाही.

इथे अण्णांविषयी सांगायला हवे. माझे वडील सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्या खडखडाटात त्यांचे कान जवळजवळ गेले.

आणि माझा आवाज असा, की पहिल्या बाकावरूनही बाईंना ऐकू जात नसे.

त्यामुळे आम्हा दोघांत बोलणे असे फारसे नाहीच. आई मधे दुभाषी.

फ्रीज उघडला की शेंगी घरभर शिट्टी घुमवायची. ती शिट्टी अण्णांनी कधीच ऐकली नाही.

त्या संध्याकाळी ते ड्यूटीवरून आले. माझा कागद शेवटपर्यंत वाचून बाजूला ठेवला. शेंगीला मांडीवर घेतले, तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"हात आण हिकडं."

माझा हात धरून त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला. बोटांखाली एक बारीक, सलग थरथर होती.

"ही खुशीत हाय. आता हितं बघ."

हात पोटाकडे सरकवला. थरथर तुटली. एक हिसका, मग काहीच नाही.

"हे दुखणं. लूमचंबी असंच असतंय की. कान गेल्यापास्नं मी हातानंच बघतोय."

सहा वर्षे रोज संध्याकाळी ते तिला घेऊन नुसते बसतात, असे मी समजत होते.

ते ऐकत होते.

"डॉक्टर काय म्हनला?"

मी सगळा जीव एकवटून ओरडले, "भूल सोसेल याची खात्री नाही म्हणाले!"

शेजारच्या काकू दारात आल्या. "काय गं, भांडण लागलं व्हय?"

अण्णा हसायला लागले. "हिला आवाज हाय की वो!"

मग गंभीर झाले. "लूम खोलला तर मला परत जोडता येतोय. हिचं मला म्हाईत न्हाय. तू सांग."

मी पुन्हा पाठीवर हात ठेवला. थरथर परत आली होती.

"ऑपरेशन नको, अण्णा! ही थरथर आहे तोवर औषध देऊ! ती थांबली की..."

पुढचे ओरडून सांगता येईना. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळले. त्यांनी मान डोलावली.

औषधाने आम्हाला एकोणीस दिवस दिले. रोज संध्याकाळी तिच्या पाठीवर आधी त्यांचा हात, मग माझा.

काल तिने कोथिंबिरीची काडीही ओढली नाही. अण्णांनी बराच वेळ तळवा ठेवला. मग माझ्यासाठी जागा केली.

माझ्या हाताला नुसता श्वास लागला.

आज अण्णांनी कामावर खाडा केला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, स्टेथोस्कोप लावला. अण्णांचा तळवा तिच्या पाठीवरच होता. डॉक्टर अजून ऐकत होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबली."

आणखी काही क्षण गेले. मग डॉक्टरांनी वर पाहिले. आधी माझ्याकडे नाही, अण्णांच्या हाताकडे.

तिला कुंभारी गावी काकांच्या शेतात मातीआड करून आलो. परतताना गाडीवर मी अण्णांच्या मागे बसले होते. वाऱ्यात काही बोलून उपयोग नव्हता.

मी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला.

सोलापूर येईपर्यंत तो तिथेच होता.

जा, शेंगी. आम्हा तिघांची तुला मनापासून श्रद्धांजली.