मामांनी राखलेला पट्टा

रविवारी संध्याकाळी सव्वापाचला मी आणि बायको माळावर पोचलो तेव्हा गवतात तीन गाड्या उभ्या होत्या. गवताच्या कडेला नव्हे, गवतात. प्रत्येकीच्या मागे दोन चाकोऱ्या, आणि चाकोरीतलं गवत जमिनीला चिकटलेलं. मोटारसायकल बंद करून मी थोडा वेळ तिच्यावरच बसून राहिलो. लगेच उतरलो असतो तर काहीतरी भलतंच बोलून गेलो असतो.

या गवताचं आधी सांगायला हवं. जिंतूरच्या वर, येलदरी धरणाच्या बाजूला सागाचं जंगल विरळ होत जातं आणि उघडा माळ लागतो. तिथं एका गावाचं कुरण आहे. दिवाळीनंतर गावकरी चिठ्ठ्या टाकून त्याचे पट्टे घरोघर वाटून घेतात आणि पंधरा-वीस दिवसांत सगळं कुरण कापून मोकळं होतं. एकच पट्टा उभा राहतो, सत्तर पावलं लांब, तीस पावलं रुंद. चिठ्ठी कोणतीही निघो, एक म्हातारे शेतकरी अदलाबदल करून हाच मधला पट्टा घेतात आणि होळीपर्यंत त्याला विळा लावत नाहीत. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

त्यांनी हे आमच्या सांगण्यावरून सुरू केलं. हिवाळ्यात फार लांबून, पार उत्तरेकडून ससाण्यांसारखे पक्षी येतात. पुस्तकात त्यांचं नाव भोवत्या, मामांच्या तोंडी ससाणे. दिवसभर ते ज्वारीवरून आणि माळावरून खालून खालून उडत नाकतोडे आणि उंदीर टिपतात. झोपायला मात्र झाडावर जात नाहीत. उंच गवतात, जमिनीवर, सगळे एकत्र उतरतात. सहा हिवाळ्यांपूर्वी मी मामांना हे दाखवलं तेव्हा ते हसले होते. पुढच्या वर्षी पट्टा उभा होता. शेजारच्या ज्वारीत नाकतोडा कमी झाला असं त्यांचं म्हणणं. मी गणिताचा शिक्षक. माझ्याकडे त्याचे आकडे नाहीत, म्हणून मी हो किंवा नाही म्हणत नाही. पण ते म्हशींना उन्हाळाभर पुरेल एवढा चारा चार महिने तसाच उभा ठेवतात, हे मी डोळ्यांनी बघतो. गावातले लोक त्यांना विचारतात, “काय मामा, जावई आले का?” मामा म्हणतात, आले, आणि तुमच्यासारखे फुकट न्हाई खात, नाकतोडे टिपतात.

मोजायची आमची पद्धत ठरलेली आहे. मी मावळतीकडे तोंड करून बसतो, बायको उगवतीकडे. तिच्या उजव्या मुठीत हरभऱ्याचे दाणे असतात. पक्षी गवतात उतरला की एक दाणा डाव्या मुठीत. वहीत बघायला मान खाली घालावी लागत नाही आणि चूक होत नाही. मी बोटांच्या पेरांवर मोजतो. शेवटी दोन्ही आकडे मिळवायचे, आणि एका संध्याकाळचा आकडा धरायचा नाही, लागोपाठ दोन संध्याकाळी मोजायचं. म्हणून दर जानेवारीत एक शनिवार-रविवार आम्ही घराला कुलूप लावून परभणीहून निघतो. शनिवारी सकाळी धरणाच्या काठावर बदकं, दुपारी जंगल, संध्याकाळी माळ. रात्री जिंतूरला मुक्काम. रविवारी परत तेच, उलट्या क्रमानं, पण शेवट माळावरच.

शनिवारी सदतीस झाले. माझे एकवीस, तिचे सोळा. सहा वर्षांत इतके कधीच झाले नव्हते.

त्या आनंदात मी जे केलं त्याला मूर्खपणाशिवाय दुसरा शब्द नाही. आमच्या पक्षी बघणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट आहे, अडीचशेच्या वर माणसं. त्यात एक नियम मीच आग्रहानं घातला होता: आकडा टाकला की जागेचा नकाशाही टाकायचा, नाहीतर ती नोंद नाही, नुसत्या गप्पा. नकाशा न टाकणाऱ्या तिघा-चौघांना मी चारचौघांत सुनावलेलंही होतं. त्यामुळे शनिवारी जेवणाआधी मी सदतीस लिहिलं आणि खाली नकाशातली खूण जोडली. आधी इथला आकडा मी हिवाळा संपल्यावर टाकत असे. या वेळी धीर धरवला नाही.

आता त्या खुणेवर तीन गाड्या उभ्या होत्या आणि नऊ माणसं. खांद्यावर हातभर लांब भिंगांचे कॅमेरे. पक्षी येऊ लागले होते, पट्ट्यावर खाली येत, माणसं बघून पुन्हा वर जात. एकानं चक्क गाडी चालू करून गवतातून दहा-वीस पावलं पुढे नेली. आधीच उतरलेले चार-पाच उठले. सगळ्या कॅमेऱ्यांचे आवाज एकदम झाले. त्यांना तेवढंच हवं होतं.

मी जाऊन गाडीच्या बोनेटवर हात आपटला. काय काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांच्यातला एक जण, पन्नाशीचा, चांगला सभ्य दिसणारा, खाली उतरला. मला काका म्हणाला. वयानं तो माझ्याहून मोठा असेल. “काका, चिडताय कशाला?” म्हणत त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. “हे तुम्हीच टाकलंय ना? आम्ही सकाळीच निघालो हे बघून.”

माझाच मजकूर होता. सदतीस, आणि खाली खूण.

तोवर मामा आले. काठी घेऊन, धापा टाकत, कापलेल्या गवताच्या खुंटांवरून जवळजवळ पळत. त्यांनी आधी चाकोऱ्या पाहिल्या. वाकून दबलेलं गवत हातात घेतलं, नाकाशी धरलं, टाकून दिलं. टायरखाली गेलेल्या गवताला म्हैस तोंड लावत नाही, हे मला तेव्हा कळलं.

“कुणी बोलवलं रे ह्यास्नी?” ते म्हणाले.

बायको म्हणाली, “यांनीच.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते त्या नऊ जणांकडे वळले आणि काठीनं रस्ता दाखवला. गाड्या निघाल्या, आणखी चाकोऱ्या पाडत गेल्या, आणि जाताना एकानं काच खाली करून ‘थँक्यू’ म्हटलं.

आम्ही दिवस मावळेपर्यंत बसलो. माझे पाच. बायकोनं डावी मूठ उघडली, त्यात तीन दाणे. बाकीचे अंधार पडेपर्यंत फिरत राहिले आणि उत्तरेला निघून गेले. तिकडे कुठे उतरले, उतरले की नाही, माहीत नाही.

मामा म्हणाले, “उद्या कापायलोय मी.”

मी विनवलं. खूण काढून टाकतो म्हणालो. ती तोवर पुढच्या किती गटांत गेली होती, मला मोजता आलं नसतं.

“गवत उभं दिसलं की हे पुन्हा येणार, सर. आज तीन गाड्या, येत्या आयतवारी धा. गवतच न्हाई तर येतील कशाला? अन् ससाणे उडून तरी जातील. गाडीखाली न्हाई यायचे.”

हिशोब बरोबर होता. त्यात चूक काढायला मी रात्रभर प्रयत्न केला.

सोमवारी शाळेला रजा कळवली आणि सकाळी साडेसातला आम्ही माळावर होतो. मामा एकटेच कापत होते. त्यांनी दुसरा विळा माझ्यापुढे टाकला. मी कापलं, बायकोनं पेंढ्या बांधल्या. गवताच्या बुडाशी बशीएवढ्या दबलेल्या जागा होत्या, पक्ष्यांच्या बसायच्या. त्यांत त्यांनी ओकून टाकलेल्या करड्या गोळ्या, नाकतोड्यांच्या पायांच्या आणि उंदरांच्या केसांच्या. मी त्या जागा मोजल्या नाहीत. एकशे अठरा पेंढ्या झाल्या; त्या मामांनी मोजल्या.

बैलगाडी भरून झाल्यावर मी विचारलं, पुढच्या साली पट्टा ठेवणार का?

“ठेवीन बी,” मामा कासरा सोडवत म्हणाले. “पन ठेवला तर तुमाला कळवणार न्हाई.”