आठ पायऱ्यांचा कागद

आपल्यावाचून जगाचं अडावं म्हणून धडपडणारी माणसं नंदुरबारात गल्लोगल्ली आहेत. आपल्यावाचून कुणाचं काही अडू नये म्हणून जिवाचं रान करणारा मला एकच भेटला. माझ्या माडीवरचा भाडेकरू.

त्याने बनवलेली वेबसाइट मोलगीकडच्या सरकारी दवाखान्यांत कोणतं औषध संपत आलंय ते सांगते. बाहेरून ती एक दिसते. आत पाच प्रोग्रॅम एकमेकांशी बोलत असतात. तिच्यात साधा बदल करायचा तरी आधी ते पाचही आपल्या कॉम्प्युटरवर क्रमाने सुरू करावे लागतात. डेटाबेस जागा होण्याआधी लॉगिनला उठवलं, की ते रुसून बंद पडतं. ही विद्या त्या कामावर त्याला एकट्यालाच येत होती. दुसरा असता तर मिरवला असता. (मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, कोणतं पुस्तक कुठे आहे हे फक्त मला ठाऊक असायचं, आणि त्याला मी मान समजायचो.) याची मात्र झोप उडाली. पुण्याची नोकरी त्याने दोनदा पुढे ढकलली. त्याच्या जागी येणाऱ्या बाईंना त्याने लिहिलेला पायऱ्या-पायऱ्यांचा कागद नुसता वाचून सगळं उभं करता आलं पाहिजे, तोवर जायचं नाही.

कागदाची परीक्षा माझ्यावर व्हायची, कारण घरात माझ्याइतका अडाणी दुसरा नव्हता. दर रविवारी तो लॅपटॉप कोरा करी, मला पुढ्यात बसवी आणि स्वतः मागे तोंड मिटून उभा राही. शहाद्याकडच्या गावाहून आलेली त्याची आई म्हणायची, "पोऱ्या दर आयतवारले घर पाडस आनि परत बांधस." एकदा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक अक्षर उमटेना. मी कीबोर्ड उलटा करून झटकला. तो आनंदाने पुढे आला.

"अडकनात ना, नाना? चूक मन्हा कागदनी शे, तुम्हनी नही." आणि त्याने लिहिलं: 'पासवर्ड दिसत नाही. तरी तुमचं बरोबर चाललंय.' एवढं धीराचं वाक्य मी सरकारी कागदावर कधी वाचलं नाही.

मग एका रविवारी मी कुठेच अडलो नाही. पाचवा प्रोग्रॅम सुरू झाल्याची हिरवी ओळ आली. ते सांगायला मी जरा वेळ घेतला.

"अडकनात का, नाना?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "चाललं."

पुढच्या आठवड्यात तो गेला. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी कागद वाचून सगळं सुरू केलं. त्याला फोन करायची गरजच पडली नाही. माडी रिकामी आहे. काल न राहवून मीच फोन केला.

"नवव्या पायरीवर अडलोय रे."

"नाना, कागदवर आठच पायऱ्या शेतस."

"तेच तर म्हणतोय."

मला वाटलं हसेल. हसला नाही.

"चूक मन्ही शे," तो म्हणाला. "ती लिखानी ऱ्हायनी."