निळं पाणी उतरेना

"घाई केली की तांबं रुसतं," असं आमची आत्या म्हणायची. बस चुकली तरी हेच, पोरीचं लग्न लांबलं तरी हेच.

तिचे दोन हौद मुलामा चढवणाऱ्या कारखान्याच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली होते. कारखान्याचं तांबं विरघळलेलं निळं विषारी पाणी पहिल्या हौदात यायचं. त्यात ती लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस सोडायची. लोखंड हळूहळू विरायचं आणि त्याच्या जागी तांबं येऊन बसायचं, ओल्या विटेच्या रंगाचं. निळाई उतरली की पाणी दुसऱ्या हौदात, तिथं चुना. मग नितळ होऊन ओढ्याला. ना जाळ, ना धूर. निम्मं आयुष्य तिनं त्या पाण्याचा रंग बघण्यात घालवलं.

कारखान्याच्या मालकाला आता ते पाणी उचलून नेणारा टँकर सोयीचा वाटू लागला होता. तो म्हणाला, "मावशी, सोमवारी येतो. पाण्याचा रंग उतरलेला दिसला तर हौद राहतील."

कीस आला रविवारी, तोही दिवेलागणीला, तेलानं माखलेला. एरवी ती तो सोड्याच्या कढत पाण्यात धुवायची; तेलावर तांबं बसत नाही.

तिची सून म्हणाली, "आई, धुवायचा राहिलाय."

"लग्नाला निघालाय का तो, न्हाऊ घालायला? पाणी तापेपर्यंत उजाडेल. ओत."

"तुम्हीच तर म्हणता—"

"मीच म्हणते, मीच सांगते. ओत."

सुनेचे हात हलेनात, तेव्हा आत्यानं स्वतःच घमेली उपडी केली.

सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग होता. लोखंड जसंच्या तसं काळं, पाणी जसंच्या तसं निळं. मालकानं काठी बुडवून पाहिली. मागे टँकर येऊन उभाच होता.

"रागावू नका मावशी. हा निळं-हिरवं बघत बसत नाही. येतो, नेतो."

"नेतो कुठं?"

"ते त्याचं त्याला."

सून पुढं झाली. "मालक, कीस तेलकट होता. एकदा धुऊन—"

"गप बस," आत्या म्हणाली. "टाकला कुणी? मीच ना?"

मालक घड्याळ बघून आत गेला. आत्यानं रबरी हातमोजे उतरवले, उलटे झाले होते ते सुलटे केले आणि हौदाच्या काठावर ठेवले. मग ती ओढ्याकडच्या पायवाटेला लागली. टँकरवाल्यानं तिला वाट द्यायला नळी बाजूला ओढली. ती वळणाआड जाईपर्यंत तो आणि सून, दोघं बघत उभे राहिले.